लग्नासाठी नव्हे, शिक्षणासाठी

तामिळनाडूत कुंभकोणमजवळ कावेरीच्या काठी स्वामीमलै हे गाव आहे. मुरुगनने, म्हणजे आपल्या कार्तिकेयाने, पिता शंकराला ओंकाराचा अर्थ येथे सांगितला, अशी कथा आहे. आपल्याकडे कार्तिकस्वामीचे दर्शन बायकांनी घेऊ नये असा समज. तेथे मात्र लेकीसुना मंदिराच्या साठ पायऱ्या चढून खुशाल दर्शन घेतात.

विद्येच्या पायऱ्या मात्र त्यांना इतक्या सोप्या नव्हत्या. स्वामीमलै ओतीव मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाचा लेप द्यायचा, तापवून मेण काढायचे आणि पोकळीत धातूचा रस ओतायचा. स्थपतींची ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे आली. मुलगी तर परक्याचे धन! तिला शिकवून काय उपयोग?

हा हिशेब एकट्या स्थपतींचा नव्हे. खेड्यापाड्यांत आई मजुरीला गेली की धाकट्यांना सांभाळायला थोरली मुलगीच घरी राहते. शाळा दूर असली की वयात आलेल्या मुलीचे दप्तर आधी खुंटीला लागते.

असे हिशेब नुसत्या उपदेशाने बदलत नाहीत. देवदासी प्रथेविरुद्ध लढलेल्या मूवलूर रामामिर्तम अम्मैयार यांच्या नावाने तामिळनाडू सरकारने १९८९ मध्ये एक योजना आणली. गरीब मुलीच्या लग्नाला ५,००० रुपयांची मदत. एक अट अशी, की मुलगी आठवीपर्यंत शिकलेली हवी. लग्नखर्चाच्या धास्तीने खचलेल्या बापाला मुलीला शाळेत ठेवण्याचे कारण मिळाले. पुढे २००१ पासून मुलींना सायकली मिळू लागल्या आणि दूरची शाळा जवळ आली.

तरीही शिक्षण ही लग्नाचीच पायरी राहिली होती. २०२२ मध्ये सरकारने तीच योजना बदलली. लग्नाची मदत थांबली. सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकून कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या बँक खात्यात दरमहा १,००० रुपये जमा होऊ लागले.

रक्कम मोठी नाही, पण तिचा अर्थ मोठा आहे. मांडवात खर्च झालेला पैसा एका दिवसात संपतो. शिक्षणावर खर्च झालेला पैसा मुलीला जन्मभर पुरतो, मग ती सासरी जावो वा न जावो.

सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या महाराष्ट्रातही मुलगी जन्मताच बचत सुरू होते, ती बहुधा लग्नाच्या नावाने. सरकारने आपल्या योजनेचे नाव आणि हेतू बदलला. घरातल्या बचतीचा हेतू आईबापांनाच बदलावा लागेल.