ग्रस्त सगळे, प्रमाणपत्र एकाचे

शासनाच्या भाषेकडे वाङ्मयाचे अभ्यासक सहसा वळत नाहीत. परिपत्रक, अधिसूचना, धोरण, करारनामा हे सारे आपल्या लेखी 'व्यवहारभाषे'त मोडते आणि 'व्यावहारिक मराठी' नावाची एक अभ्यासपत्रिका नेमून आपण तिची बोळवण करतो. ही पत्रिका बहुधा विभागातील सर्वांत कनिष्ठ शिक्षकाच्या गळ्यात पडते. नागपूरच्या एका महाविद्यालयात मी रुजू झालो तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली आणि पुढे ज्येष्ठ झाल्यावरही मी ती सोडली नाही. कारण शासकीय मराठीचे नमुने वर्गात वाचता वाचता एक गोष्ट हळूहळू ध्यानात येत गेली. एखाद्या प्रदेशाचा आर्थिक विकास घडवू पाहणारी शासकीय संस्था जमीन, पाणी, वीज आणि रस्ता देते हे खरेच. पण त्याच्याही आधी ती नावे देते. आणि नाव देतानाच कोण मोजला जाणार आणि कोण मोजणीबाहेर राहणार हेही पुष्कळसे ठरून जाते.

हे पाहण्यासाठी नागपूरइतके सोयीचे शहर नाही. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते. राज्यपुनर्रचनेत राजधानीपण गेले, कचेऱ्या भोपाळला गेल्या. त्याआधी, २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर कराराने विदर्भाला काही आश्वासने दिली होती. वर्षातून काही काळ शासनाने नागपुरात यावे, हे त्यांपैकी सर्वांच्या परिचयाचे. हिवाळी अधिवेशनाचे मूळ तेथे आहे. पण त्याच करारात शासकीय सेवांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात स्थान मिळावे, असेही म्हटले होते. त्या पिढीच्या मनातील नोकरीचे चित्र त्यातून दिसते. नोकरी म्हणजे सरकारची नोकरी. राज्य रोजगार 'देते', असा तो सरळ व्यवहार होता. राज्य रोजगाराला 'चालना देते', ही भाषा नंतरची.

खरे तर शहराला दुसऱ्या प्रकारच्या रोजगाराचीही जुनी ओळख होती. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी येथे सुरू झाली. व्हिक्टोरिया राणी त्या दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस. या गिरणीने १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला होता, हे आज सांगितले तर विद्यार्थी चमकतात. गिरणीने माणसाला 'गिरणी कामगार' हे नाव दिले, आणि ते नाव घेऊन माणूस संघटनेत, सभेत, मोर्चात उभा राहू शकत होता. पुढे १९८० च्या दशकात ती टाटांच्या हातून सुटली, राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाने काही काळ चालवली आणि नव्या शतकाच्या प्रारंभी तिचा भोंगा कायमचा थांबला. आज त्या जागेवर एक भला मोठा मॉल आहे आणि त्याच्या नावात 'एम्प्रेस' तेवढे शिल्लक आहे. मॉलमध्ये काम करणाऱ्या मुलामुलींना मात्र 'गिरणी कामगार' यासारखे एकही सामुदायिक नाव नाही.

आता ज्या संस्थांचे काम उद्योगाला चालना देण्याचे, त्यांच्याकडे वळू. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले. त्याची रीत आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. महामंडळ जमीन संपादित करते, आखणी करते, रस्ते, पाणी आणि वीज आणते आणि भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने उद्योजकाला देते. उद्योग मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर जावेत म्हणून १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आली. तिच्यात पुढे तालुक्यांना परीक्षेतल्या श्रेणींसारखी अक्षरे मिळाली: अ, ब, क, ड, ड अधिक, आणि त्याही पलीकडे 'विनाउद्योग जिल्हा'. गडचिरोली हे त्याचे ठळक उदाहरण. या परीक्षेत खालची श्रेणी मिळालेल्याला सवलत जास्त, त्यामुळे आपला तालुका मागास ठरावा यासाठीही पुढाऱ्यांना झगडावे लागते. मागासलेपण ही तक्रार असते तशी ती एक पात्रताही होते.

महामंडळाच्या क्षेत्राला मराठीत 'औद्योगिक वसाहत' म्हणतात. वसाहत म्हणजे जेथे माणसे वसतात ती जागा. हिंगणा किंवा बुटीबोरी येथील वसाहतीत माणसे दिवसा येतात आणि पाळी संपली की जातात. वसतात ती यंत्रे. लोकांनी हा शब्द फारसा उचलला नाही, हे त्यांच्या भाषिक शहाणपणाचेच लक्षण. त्यांनी महामंडळाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे उचलली आणि त्यांचे ग्रामनाम करून टाकले. 'तो एमआयडीसीत आहे' या वाक्याचा अर्थ नागपुरात तो महामंडळाचा अधिकारी आहे असा कोणी घेत नाही. तो कारखान्यात कामाला आहे, असाच घेतात. शासकीय संस्थेचे नाव गावाचे, पाटीचे, शेवटच्या थांब्याचे नाव व्हावे, हा तिच्या यशाचा एक पुरावाच मानला पाहिजे.

दुसरा शब्द 'अनुशेष'. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. तेव्हापासून हा शब्द विदर्भाच्या तोंडी बसला. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीच्या मागे कोण किती आहे हे समितीने रुपयांत मांडले. पुढे १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. भागाकारात उरतो तो शेष. 'अनुशेष' म्हणजे मागे उरलेले, राहून गेलेले. शब्दाची घडण निर्दोष आहे. माझी अडचण एवढीच की तो पैशांचा हिशेब ठेवतो, काळाचा ठेवत नाही. सिंचनाचा अनुशेष वीस वर्षांनी भरून निघू शकतो. पण त्या वीस वर्षांत शेती सोडून गेलेला मुलगा परत आणता येत नाही. तो कोणत्याच तक्त्यात बाकी म्हणून दिसत नाही.

तिसरे नाव 'मिहान'. राज्य शासनाने २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन केली. त्याच सुमारास एम्प्रेस मिल इतिहासजमा होत होती. या कंपनीच्या मुख्य प्रकल्पाचे पूर्ण नाव मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अ‍ॅट नागपूर. एवढ्या लांब इंग्रजी नावातून 'मिहान' हे लघुरूप निघाले आणि ते कानाला इतके देशी वाटले की आज त्याचा विग्रह कोणाला आठवत नाही. लघुरूपात 'कार्गो'चे अक्षर नाही, ही गंमत वर्गात मी आवर्जून सांगतो. प्रत्यक्षातही तेथे जे ठसठशीतपणे उभे राहिले ते मालवाहतुकीचे केंद्र नव्हे. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची संगणक-सेवांची संकुले, बोईंगने बांधून दिलेला आणि २०१५ पासून एअर इंडियाच्या अभियांत्रिकी कंपनीने चालवलेला विमानदुरुस्ती तळ, फाल्कन विमानांचे भाग करणारा दसॉ आणि रिलायन्स यांचा संयुक्त कारखाना, आणि २०२२ साली उद्घाटन झालेले एम्स रुग्णालय. हे सारे ज्या मातीवर उभे आहे ती शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांची. गावांची नावे आता मुख्यतः पुनर्वसनाच्या कागदांत भेटतात.

आणि या कागदांत भेटतो तो चौथा शब्द, 'प्रकल्पग्रस्त'. एकदा 'ग्रस्त' हे उत्तरपद घेऊन होणाऱ्या शब्दांची यादी मी विद्यार्थ्यांकडून करवून घेत होतो. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त, व्याधिग्रस्त. ग्रहणातला चंद्रही ग्रस्तच. 'ग्रस्' म्हणजे गिळणे. मी म्हटले, विकासाच्या प्रकल्पाला शासनानेच पूर आणि भूकंप यांच्या रांगेत बसवले आहे. भाषा कधीकधी धोरणापेक्षा प्रामाणिक असते. मुले हसली. मागच्या बाकावरील एक मुलगी मात्र हसली नाही. तास संपल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "सर, आमच्या घरात ग्रस्त सगळे आहेत, प्रमाणपत्र एकाचं आहे."

मग तिने सांगितले ते असे. जमीन प्रकल्पात गेली. शासकीय भरतीत प्रकल्पग्रस्तांसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्याचा लाभ कुटुंबातून एकालाच. घरात बैठक झाली आणि मोठ्या भावाचे नाव लागले. "दादाचं लग्न व्हायचं होतं ना." भरती निघेना, निघाली तर यादीत नाव येईना, तोवर "दादा पुण्याला एका गोदामात काम करून राहिला". प्रमाणपत्र मात्र त्याच्याच नावावर. मोबदल्याच्या पैशातून घराला स्लॅब पडला, एक मोटारसायकल आली, आजोबांचे आजारपण निघाले. ही मुलगी रोज आपल्याच जुन्या शेताच्या कुंपणाजवळून बसने महाविद्यालयात येत होती. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तिला एक व्याकरणाची शंका विचारायची होती: "कंपनीच्या फाटकावर विचारलं तर ते म्हणाले स्थानिकांना प्राधान्य आहे. मग सर, आम्ही स्थानिक की प्रकल्पग्रस्त?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी शासननिर्णय काढून बसलो. राज्याच्या धोरणानुसार उद्योगांनी पर्यवेक्षकीय श्रेणीत किमान ५० टक्के आणि इतर श्रेणींत किमान ८० टक्के जागा स्थानिकांना द्यायच्या असतात. आणि स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती. म्हणजे कोल्हापूरचा मुलगा खापरीत स्थानिक, आणि खापरीची मुलगीही खापरीत तितकीच स्थानिक. तिच्या पायाखालची जमीन या व्याख्येत कोठेच येत नाही. व्याख्येला तिची कारणे आहेत. नागपूरच्या मुलालाही पुण्यात स्थानिक म्हणून उभे राहता यावे, असा तिचा उदार अर्थ होतो, आणि आमची कितीतरी मुले त्याच आधारावर तेथे उभी आहेत. पण 'स्थान' या मूळ शब्दाचा पायाच त्यात सुटला. तिला मी सांगितले, कायद्याने तू दोन्ही आहेस. ती म्हणाली, "म्हणजे कामाच्या वेळी एकही नाही."

येथे मला एकतर्फी लिहायचे नाही. मिहानमध्ये माझ्या ओळखीची, घरी राहून काम करणारी पुष्कळ तरुण मंडळी आहेत. त्यांच्या आईवडिलांना म्हातारपणी मुलगा जवळ आहे, ही गोष्ट कोणत्याही आकड्यापेक्षा मोठी. हिंगण्यात महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना, बुटीबोरीत सिएटचा टायर कारखाना, त्यांच्या फाटकांबाहेरच्या खाणावळी, पंक्चरवाले, भाड्याच्या खोल्या; ज्याला शासन 'अप्रत्यक्ष रोजगार' म्हणते त्यात दिसणारी माणसे पूर्ण प्रत्यक्ष असतात. महामंडळे नसती तर यातले बरेचसे नसते. प्रश्न विकास हवा की नको असा नाहीच. ज्या शब्दांनी तो मोजला जातो, ते शब्द माणसाला पुरतात का, एवढाच आहे.

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर उभा आहे. विदर्भातल्या एका खालावत्या घराण्याच्या दारात आधुनिकता येऊन थांबते आणि मग येता-जाता माणसे तिच्यावर ठेचकाळतात. अनुदान, कर्ज, यांत्रिकीकरण यांविषयीच्या एखाद्या अहवालाने तो ट्रॅक्टर 'वितरित' म्हणून यशाच्या रकान्यात लिहिला असता, आणि त्यात खोटे काहीच नसते. नाटककाराने तो वाटपाच्या दिवशी न पाहता नंतरच्या अनेक वर्षांत पाहिला. साहित्य आणि अहवाल यांतला फरक मला सत्य आणि असत्य यांतला वाटत नाही. तो मोजणी कोणत्या दिवशी थांबवायची, याबद्दलचा आहे. गुंतवणुकीच्या सामंजस्य कराराच्या दिवशी रोजगाराचे आकडे जाहीर होतात. रोजगार या फार्सी शब्दाचा एक जुना अर्थ 'काळ' असाही आहे, आणि तो अर्थ त्या आकड्यांत नसतो.

म्हणून व्यावहारिक मराठीच्या तासाला आता मी अर्जाचे नमुने कमी आणि शासननिर्णय अधिक वाचून घेतो. कविता वाचावी तसेच: कर्ता कोण, कर्म कोण, क्रियापद कर्तरी की कर्मणी. 'जमीन संपादित करण्यात आली', 'रोजगार निर्माण होतील', 'पुनर्वसन प्रस्तावित आहे'. या वाक्यांत कर्ता शोधा, असे सांगितले की वर्ग काही क्षण गप्प होतो. ती मुलगी पुढे पदवीधर झाली. सध्या ती शहरातील एका दुकानात हिशेब लिहिते आणि रात्री स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. अर्ज भरताना सामाजिक आणि समांतर आरक्षणाचे रकाने येतात, तेव्हा 'प्रकल्पग्रस्त' या रकान्यापुढे ती 'नाही' असे लिहिते. नियमाप्रमाणे तेच बरोबर आहे.