पंखा माणसांना की कॉम्प्युटरला?

मे महिन्यात एक बातमी केली होती. हेडिंग होतं, 'नागरिक घामाघूम, पंखा मात्र कॉम्प्युटरला!' तालुक्यातल्या एका सरकारी कार्यालयात दाखल्यांसाठी तीस-चाळीस माणसं रांगेत, ऑपरेटर 'थांबा, परत चालू होतंय' म्हणतोय आणि टेबल फॅनचं तोंड उघड्या सीपीयूकडे. फोटो झकास आला होता. लाइक, शेअर भरपूर. मीही खूश.

पंधरा दिवसांनी माझ्यावरच तीच वेळ आली.

आमच्या साप्ताहिकाचा अंक मी घरीच लावतो. कॉम्प्युटर दहा वर्षांपूर्वीचा, आय-फाइव्ह, चौथ्या पिढीचा. नवा घेत नाही, कारण पैसे नाहीत हे एक आणि जुने श्रीलिपी फाँट, जुन्या अंकांच्या फाइली सगळं त्यात बसलेलं आहे हे दुसरं. गुरुवारी रात्री पानं पीडीएफ करायला लावली की मशीन आधी गोगलगाय व्हायचं, मग फटकन बंद. तीनदा झालं. प्रेसवाल्याचे फोन सुरू. शेवटी कॅबिनेटचं झाकण काढलं आणि टेबल फॅन त्याच्याकडे फिरवला. पानं गेली.

फॅन फिरवताना तो फोटो डोळ्यांसमोर आला. झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. काहीच काम नसताना 64 अंश, पीडीएफ करताना 98! इंटेलचे हे प्रोसेसर साधारण शंभर अंशांच्या आसपास पोचले की स्वतःचा वेग कमी करतात, म्हणजे उष्णता कमी निघते. तरीही भागलं नाही तर जळू नये म्हणून मशीन बंद होतं. म्हणजे आपण ज्याला 'हँग झालं' म्हणतो, तो अनेकदा प्रोसेसरचा जीव वाचवण्याचा प्रयत्न असतो. त्यात आपला उन्हाळा. कूलरचा पंखा खोलीतलीच हवा फेकतो. खोलीत 40 अंश असतील तर तो प्रोसेसरला त्याच्याखाली नेऊच शकत नाही. थंडीत चाललेलं मशीन मे महिन्यात मान टाकतं ते यामुळे.

मेन स्विच बंद करून, वायर काढून सगळं उघडलं. पंख्याखालच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर धुळीची अक्षरशः गोधडी. रंगाच्या कोरड्या ब्रशने सुटी केली, मग ब्लोअर मारला. मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो. कूलरच्या चार खुंट्यांपैकी एक सुटलेली निघाली, म्हणजे कूलर एका बाजूने टेकतच नव्हता. खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ती स्पिरिटने पुसली, वाटाण्याएवढी नवीन लावली. जास्त थापून उपयोग नाही, दोन धातूंमधल्या बारीक फटी भरण्यापुरतीच ती लागते. खर्च दोनशे रुपयांच्या आत, वेळ दीड तास. काम नसताना 47, पीडीएफ करताना 73. एकदाही बंद पडलं नाही.

मग त्या कार्यालयात गेलो. पोरगा तोच. कंत्राटी, पंचविशीचा. म्हणाला, "सर, तुमच्या बातमीवरून मला नोटीस निघाली. पगार कापू म्हणतात."

मी विचारलं, "तू मशीन साफ का नाही करून घेतलंस?"

"झाकण उघडायचीसुद्धा परवानगी नाही सर. मी फॅनसाठी उघडतो, तेच चोरून. तक्रार वर दिलीय तीनदा. मेंटेनन्सचं कंत्राट संपलंय म्हणतात. ब्रश आणायला पैसे कुठल्या हेडमधून टाकायचे, हे कुणालाच माहीत नाही."

तक्रारींच्या प्रती त्याने दाखवल्या. तिन्ही माझ्या बातमीच्या आधीच्या. मी त्या दिवशी एक प्रश्न विचारला असता तर त्या मला तेव्हाच मिळाल्या असत्या. फोटो मिळाला होता, म्हणून विचारला नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच महिन्यात शिकवतात, ज्याच्यावर बातमी आहे त्याची बाजू घ्या. एवढी वर्षं या धंद्यात काढून मी ते विसरलो.

या अंकात पहिल्या पानावर खुलासा छापलाय, त्याच आकारात. नोटीस काढणाऱ्या साहेबांना लेखी कळवलंय की बातमी अर्धवट होती आणि चूक माझी होती. पोराच्या नोटिशीचं काय होतंय, त्यावर लक्ष ठेवून आहे.

आणि दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीचा अर्ज टाकलाय. कार्यालयात कॉम्प्युटर किती, कोणत्या साली घेतलेले, देखभालीचं कंत्राट कधी संपलं, नवं का झालं नाही आणि या तीन तक्रारींवर काय केलं. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की इथेच टाकतो, नाही आलं तर अपिलात जातो.

तोवर एक विनंती. कुठल्याही काउंटरवर 'मशीन बंद आहे' ऐकलंत तर समोरच्या पोरावर ओरडण्याआधी विचारा, हे शेवटचं साफ कधी केलं होतं? आणि उत्तर मला कळवा. कमेंटमध्ये कार्यालयाचं नाव लिहा, त्या पोराचं नको.