टाळ्या नाहीत, तरीही

लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये शुक्रवारी संध्याकाळी मुलांच्या गायकवृंदाचं 'मोटेट' असतं. प्रार्थना आणि संगीत एकत्रच. आम्ही उभयतां हिंदू, त्यातून पाश्चात्त्य संगीतातले अडाणी. पण इथं मास्टर्स करून स्थायिक झाल्यापासून तीन-चारदा तरी जाऊन आलोय. पहिल्या खेपेला नवल वाटलं ते शेवटी. इतकं सुरेख गाऊन झालं आणि टाळी एक नाही! गाणारी पोरं मागच्या सज्जात, म्हणजे आपल्या पाठीशी. वळून बघावं तर मान अवघडते.

याच चर्चचं संगीत १७२३ पासून १७५० साली मरेपर्यंत बाखकडे होतं. सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ दर रविवारी नवा कँटाटा. आठवड्यात लिहायचा, पोरांकडून बसवून घ्यायचा, रविवारी गायचा, की लागले पुढच्याला. त्यातले सुमारे २०० आज उरलेत, पुष्कळ हरवले. हस्तलिखिताच्या डोक्यावर तो बरेचदा 'जे.जे.' लिही, म्हणजे 'येशू, साहाय्य कर', शेवटी 'एस.डी.जी.', 'गौरव केवळ देवाचा'. आपण वहीच्या माथ्यावर 'श्री' काढतो तसंच की! बाकी माणूस काही संत नव्हता. पगारावरून कुरकुर, वरिष्ठांशी खटके. १७३० मध्ये चांगले गायक-वादक पुरेसे नाहीत म्हणून त्यानं नगरसभेला लांबलचक अर्ज दिला. आम्हांला तो अर्ज फार आवडतो. आमच्या इंजिनिअरिंगमध्ये अमुक इतकी चूक चालते असं ठरलेलं असतं. देवाच्या कामात 'चालतंय की' म्हणायला या गृहस्थाची तयारी नव्हती.

आता मंडळी, आपल्या गणपतीकडे या. करमणुकीच्या कार्यक्रमाच्या तालमी मे महिन्यापासून, माइकची चाचणी तीनदा. आरती मात्र जेवण निवतंय म्हणून धावतपळत, प्रत्येकाची चाल निराळी, मंत्रपुष्पांजलीला अर्धे गप्प. प्रेक्षक टाळ्या देतात, बाप्पा देत नाही, एवढाच हिशेब असावा. रेव्हरंड टिळकांनी आपलं भजन-कीर्तन मराठी चर्चमध्ये नेलं. मग चर्चमधून आपण निदान तालीम उचलायला काय हरकत आहे?

तर यंदा हिनं गणपतीआधीचे चार रविवार नुसत्या आरतीच्या तालमीसाठी मागितले आहेत. हॉलचं भाडं आम्ही देऊ, पेटीही आहे. टाळांचे दोन जोड हवेत आणि मंत्रपुष्पांजलीचे उच्चार नीट सांगणारं कुणीतरी. माइक लावायचा नाही.