वर्गातले हसू

हसण्याने आयुष्य वाढते, असे वडीलधारी माणसे सांगतात. ते खोटे नसेल. पण कुणाचे आयुष्य, हे आपण सहसा विचारत नाही.

माझ्या शाळेत आमच्याच तुकडीत एक मुलगा होता. आवाज बारीक, बोलताना हात जरा नाजूक हलायचे. हजेरीला तो ‘हजर’ म्हणाला की मागच्या बाकावरून तोच शब्द मुलीच्या आवाजात परत यायचा. वर्ग हसायचा. सरही कधी कधी हसायचे आणि पुढचा नंबर पुकारायचे. मारामारी झाली नाही, मुख्याध्यापकांकडे तक्रार गेली नाही. फक्त तो मधल्या सुट्टीत पाणी पीत नसे. पाणी प्यायले की मुतारीत जावे लागे आणि तिथे मुले टपलेली असत. दहावीच्या निरोपसमारंभानंतर हे त्याने मला सांगितले, अगदी सहज, एस.टी.चे वेळापत्रक सांगावे तसे.

तो समलिंगी होता की आणखी कुणी, हे त्याने सांगितले नाही. सांगण्याची त्याला गरजही नव्हती. हसणाऱ्यांना तरी ते कुठे जाणून घ्यायचे होते? तो वेगळा दिसतो, एवढे त्यांना पुरे होते.

‘ही परदेशातून आलेली फॅशन आहे’ असे कुणी म्हणाले, की मला विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ आठवते. १९८१ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातली सुमित्रा आपल्यासारखीच कॉलेजात शिकणारी मुलगी आहे आणि तिचे प्रेम एका मुलीवर आहे. तिची गोष्ट मराठी प्रेक्षकांनी त्या काळी पाहिली, आणि तरीही आपण अजून चकित होतो!

दरम्यान नियम बदलले. २०१६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि तृतीयपंथी ओळख यांवरून दिलेला त्रासही धरला. मारहाणच नव्हे, कुणाला वाळीत टाकणेसुद्धा. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. पण २०२१ साली एन.सी.ई.आर.टी.ने तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्यासाठी शिक्षकांकरिता पुस्तिका तयार केली, तिच्यात गणवेशाचा आणि स्वच्छतागृहाचाही विचार होता, आणि गदारोळ होताच ती काही दिवसांत संकेतस्थळावरून काढून टाकली गेली. पाणी न पिणाऱ्या मुलांचा प्रश्न पुन्हा लांबणीवर पडला.

मित्रहो, नियम फलकावर लागतो. वर्गात आपण असतो. स्नेहसंमेलनातले फिशपाँडच घ्या. निनावी चिठ्ठी, टाळ्या, शिट्ट्या. एखाद्या मुलाच्या चालण्यावरची किंवा दोन मैत्रिणींच्या जवळिकीवरची चिठ्ठी हमखास हशा मिळवते. ज्याच्यावर ती असते तोही हसतो, कारण न हसला तर उरलेले वर्षभर त्याची धडगत नसते. ती चिठ्ठी वाचणाऱ्याने बाजूला ठेवली तर कार्यक्रमाचे काय बिघडेल? तासाला कुणी नक्कल केली आणि सरांनी न हसता ‘पुढे यायचे आणि पुन्हा म्हणायचे’ एवढेच म्हटले, तर ती नक्कल दुसऱ्या दिवशी होणार नाही.

यासाठी अनुदान लागत नाही, ठराव लागत नाही. आपल्या वर्गात असा कुणी नाही, असे समजून मात्र चालू नये. तो असतो, ती असते; आणि आपण कशावर हसतो याची मनात नोंद ठेवून, आपल्याला काही सांगावे की नाही, हे ठरवत असते.