दोन नॉर्मल

गणपती पाण्यात गेले, की आमच्या घरातले जेवणाचे टेबल माझे किंवा सौभाग्यवतीचे राहत नाही. ते दिवाळी अंकाचे होते. त्यावर प्रुफे पसरतात आणि आम्ही दोघे महिनाभर ताटे मांडीवर घेऊन जेवतो. अंक लहान. संपादकमंडळ म्हणजे मी आणि माझा चष्मा. तरी एक ऐट मी वर्षानुवर्षे सांभाळली होती. लेखकांची हस्तलिखिते मी स्वतः वर्डमध्ये टंकतो, आणि टंकता टंकता त्यांना नटवतोही. इथे अक्षर जरा मोठे, तिथे ठळक, मध्येच एखादी ओळ तिरकी. लग्नघरातल्या मावशीने दिसेल त्या मुलीच्या केसात गजरा खोचावा, तसे.

पुढचे काम ऑपरेटरताईंचे. त्या हा मजकूर इनडिझाइनमध्ये घेऊन पाने लावतात. वर्डचा जन्म १९८३ चा, इनडिझाइनचा १९९९ चा. म्हणजे सासू-सुनेइतके नसले, तरी थोरली-धाकटी जाऊ म्हणण्याइतके अंतर आहेच. दोन्ही घरांत प्रत्येक परिच्छेदाला एक नेमलेला पोशाख असतो: टंक कोणता, आकार किती, ओळींत अंतर किती. त्याला म्हणतात स्टाइल. वर्डमध्ये एकीचे नाव 'नॉर्मल'. आमच्या पानांच्या साच्यातही कोणी तरी कधी काळी एकीचे नाव 'नॉर्मल'च ठेवून गेलेले. एकत्र कुटुंबात दोन बंडू असले, की एकाच्या वाट्याचा मार दुसऱ्याला बसतो, तसलाच हा प्रकार! मजकूर आत घेताना इनडिझाइनला सांगता येते, की बाबा, दोघांतला अमुक खरा धर. काहीच सांगितले नाही, तर ते आपल्या घरचा बंडू खरा मानते. पण मी हाताने खोचलेले गजरे तसेच डोक्यावर राहतात, आणि स्टाइलच्या नावापुढे अधिकचे चिन्ह उमटते. माझ्या मजकुरात ते परिच्छेदागणिक उमटत असे. मला मात्र याची काही वार्ता नव्हती.

एका वर्षी ऐंशी उलटलेल्या एका लेखकांनी आपल्या पत्नीविषयी लेख पाठवला. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती गेलेली. त्यांच्या आठवणी आणि तिने माहेराहून धाडलेल्या पत्रांतल्या ओळी, एकाआड एक. अवतरणचिन्ह एकही नाही. हस्तलिखितात पत्रांच्या ओळींखाली पेन्सिलीची रेघ तेवढी. मी त्या ओळी तिरक्या केल्या आणि लेख पाठवून दिला.

दोन दिवसांनी ताईंचा फोन आला. "काका, पानावर सगळीकडे गुलाबी पट्टे आलेत. आणि प्लस तर मोजायलाच नकोत."

"काढून टाका हो सगळं. एकसारखं दिसू दे," मी म्हणालो. सोळा पानांचा फर्मा अडला होता. गुलाबी पट्टा म्हणजे काय, हे विचारायलाही मी थांबलो नाही.

संध्याकाळी प्रूफ आले. मोठे देखणे होते! जेवताना सौभाग्यवती ते मोठ्याने वाचू लागली, आणि एका जागी अडखळली: 'ताप उतरला आहे. येण्याची घाई करू नये. मी घाई केली नाही. गेलो तेव्हा ओटीवर माणसे बसलेली होती.'

"घाई करू नये, हे कोण म्हणतंय?" तिने विचारले. "स्वतःच स्वतःला सांगताहेत होय? मग कसला नवरा म्हणायचा हा!"

घास माझ्या हातातच राहिला. पहिली दोन वाक्ये तिची होती, शेवटच्या पत्रातली. तो माणूस आयुष्यभर त्या दोन वाक्यांचा शब्द पाळल्याचे दुःख करीत आला होता, आणि आम्ही तीच वाक्ये त्याच्या तोंडी घातली होती.

सकाळी उठून ताईंकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. देवनागरीच्या पुष्कळ टंकांना तिरका अवतार मुळातच नसतो. वर्ड सरळ अक्षरालाच कलते करून वेळ मारून नेते. इनडिझाइनला हे सोंग जमत नाही. तिरका टंक मागितला आणि तो नसला, तर ते तेवढी अक्षरे गुलाबी करून सांगते, की मागितलेली वस्तू माझ्यापाशी नाही. म्हणजे त्या बाईंचा शब्द न् शब्द गुलाबी होऊन आमच्यापुढे उभा होता, आणि मी म्हटले होते, काढून टाका.

मग मूळ फाइल पुन्हा घेतली. वर्डमध्येच तिरके तेवढे शोधून त्याला 'पत्र' अशी नावाची अक्षर-स्टाइल दिली. साच्यातल्या नॉर्मलचे बारसे करून 'अंक-मजकूर' केले, आणि आत घेताना वर्डच्या नॉर्मलची गाठ त्याच्याशी बांधून दिली. शेवटी ताईंनी आल्ट कळ दाबून स्टाइलवर टिचकी मारली. माझे गजरे भराभर गळून पडले. ज्यांना नाव होते, त्या ओळी जागच्या जागी राहिल्या.

प्रश्न राहिला तो 'पत्र' दिसावे कसे, हा. मी लेखकांना फोन केला. झालेली चूकही सांगितली. लपवण्याचा धीर झाला नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिरकं कशाला करता? तिचं अक्षर सरळच होतं. बारीक होतं फक्त. पोस्टकार्डावर जागा ती केवढी, आणि हिला सांगायचं पुष्कळ."

ताईंनी 'पत्र' उघडले. मजकूर १२ पॉइंटांत होता. पत्राला त्यांनी १० केले आणि त्याच घराण्यातला हलका टंक निवडला. एकाच जागी बदल केला, आणि नऊ पानांवरच्या तिच्या सगळ्या ओळी एकदम बारीक झाल्या.