धुरा आपला, पाणी त्याचं

पूर यायच्या आधी वैनगंगेचा आवाज बदलतो. माय तो अंथरुणातून ओळखायची. २०२० च्या ऑगस्टअखेरीस एका रात्री ती उठून बसली आणि एवढंच म्हणाली, “बाबू, बैलं सोड.”

वर शिवनी जिल्ह्यात भीमगडच्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले होते. उजाडलं तेव्हा बालाघाटच्या आमच्या शिवारात ना धानाची बांधी दिसत होती, ना तिचा बांध, आमचा धुरा. नुसतं मातकट पाणी, आणि त्यातून वर आलेले बाभळीचे शेंडे. पुढे हेच पाणी भंडाऱ्यात घराघरांत शिरलं. रोवणी होऊन महिनाच झालेला आमचा चिन्नोर धान त्याच्या तळाशी होता.

काठाशी उभं राहून मायनं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. मी चिडून म्हणालो, “आता कशाला हात जोडतेस? नेलं ना त्यानं सगळं!”

“धुरा आपला बाबू, पाणी त्याचं.”

हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पऱ्हे टाकताना, मृग कोरडा गेला की, रोवणीच्या पहिल्या जुडीला कुंकू लावताना. त्या दिवशी मात्र ते हरलेल्या माणसाचं बोलणं वाटलं.

पाणी ओसरलं आणि माय गुडघाभर गाळात उतरली. आधी फुटलेला धुरा बांधून घेतला. मग उंचावरच्या बांधीत जो धान वाचला होता, त्याचे फुटवे मुळासकट अलगद सोडवून ती खालच्या रिकाम्या बांधीत लावू लागली. एकेक फुटवा, अंगठ्यानं चिखलात दाबत. दिवसभर तिनं देवाचं नावही काढलं नाही. संध्याकाळी हातपाय धुऊन दिवा लावला आणि गाढ झोपली. मी तिच्या निम्मंही काम केलं नव्हतं, तरी रात्रभर जागा होतो.

मार्गशीर्षात निम्म्याहून कमी धान घरात आला. त्यातल्या भरलेल्या लोंब्या तिनं आधी निवडून ठेवल्या, मग उरलेल्याचा भात शिजवला. वाफेबरोबर चिन्नोरचा वास अंगणापर्यंत आला.

२०२१ च्या एप्रिलात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मायला दवाखान्यात नेलं. दार तिच्यामागे बंद झालं. मी बाहेर लिंबाखाली बसून राहिलो. तिथं बांधायला धुरा नव्हता. हाताला काही कामच नव्हतं. मी नवस बोललो, विनवण्या केल्या, अखेर देवाशी भांडलो. चौथ्या दिवशी ती गेली. तिची राख त्याच वैनगंगेत सोडली आणि घरी येऊन देव्हाऱ्याकडे पाठ केली. कितीतरी दिवस तिथं दिवा लागला नाही.

जूनमध्ये पहिली सर आली. माती भिजल्याचा वास आला तसे पाय आपसूक कोठीच्या खोलीकडे वळले. कोपऱ्यात एक मडकं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. सोडलं. वर कडुनिंबाचा वाळून चुरा झालेला पाला, खाली चिन्नोरचं बी. आमच्या बांध्यांना पुरेल तेवढं. मूठ भरून घेतली आणि तसाच जमिनीवर बसलो.

पुढचं तिलाही दिसत नव्हतं, मलाही नाही. तिनं बी राखलं होतं.

तेव्हा उमगलं. मी विश्वासाचा सौदा केला होता: मी हात जोडतो, तू माय परत दे. मायनं तसा हिशेब कधी मांडलाच नाही. आपल्या हातचं निगुतीनं करायचं, उरलेलं त्याच्या पायाशी ठेवायचं आणि झोपी जायचं. बुडालं तर सकाळी पुन्हा गाळात उतरायचं. तिचा देव तिच्या बाजूनं पूर वळवत नव्हता. पूर ओसरल्यावर वाकायचं बळ मात्र त्यानं तिला कधी कमी पडू दिलं नाही.

मी ते बी पेरलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं. बांधीत धान कमरेला लागत होता. ही बातमी सांगायला घरात माय नव्हती, म्हणून धुऱ्यावर उभा राहून मी ती धानालाच सांगितली. मग पाणी झिरपत होतं तिथं फावड्यानं माती ओढली, पायानं घट्ट दाबली. आभाळ भरून आलं होतं.

घरी आलो. हातपाय धुतले आणि देव्हाऱ्यात दिवा लावला. बाहेर पाऊस सुरू झाला होता.