साच्याची शिवण

ओहायोतल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात काचेचं भांडं हाती आलं की मी आधी बोट फिरवून शिवण शोधते. नक्षी नंतर. साच्याचे भाग जिथे जुळले तिथे काचेवर उभी, बारीक रेघ उमटते. कातीव काचेच्या शौकिनांना ती खटकते. मला ती प्रिय आहे, कारण साच्यामुळेच नक्षीची काच साध्या घरांत पोचली.

१८२०च्या दशकात अमेरिकेत काच यंत्राने दाबून भांडी घडू लागली. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात सोडायचा, कात्रीने तोडायचा आणि तरफ ओढून वरून दट्ट्या दाबायचा. बाहेरची नक्षी साच्याची, आतली गुळगुळीत पोकळी दट्ट्याची. गोळा कमी पडला तर काठ अपुरा राही. यंत्र आलं तरी गोळ्याचा अंदाज माणसाचाच. काही भांड्यांत कात्रीची खूण आजही दिसते, काचेत केस अडकल्यासारखी. नवखे तिला तडा समजतात आणि चांगली वस्तू सोडून जातात.

सुरुवातीच्या काचेत शिसं असे. ‘बेलफ्लॉवर’ नक्षीच्या तशा गॉब्लेटला, म्हणजे दांड्याच्या पेल्याला, टिचकी मारावी, नाद घुमत राहतो. १८६४मध्ये अमेरिकेतल्या व्हीलिंग शहरात विल्यम लेटनने सोडा-चुन्याची उत्तम काच साधली. ती हलकी, स्वस्त, लवकर घट्ट होणारी. नाद गेला, पण लोणी, साखर, मलई आणि चमचे यांचा चार भांड्यांचा संच घरोघरी टेबलावर आला. हा सौदा मला पटतो.

पिट्सबर्गच्या जॉर्ज डंकन अँड सन्सच्या ‘थ्री फेस’ नक्षीत दांड्यावर स्त्रीचे तीन धूसर चेहरे आहेत. त्याच्या नकला खूप. अस्सल तुकड्याचा धूसरपणा बोटाला रेशमी लागतो, नकलेचा खडूसारखा कोरडा.

बूडही पाहावं. वर्षानुवर्षं टेबलावर सरकलेल्या भांड्याचे ओरखडे वाटेल त्या दिशांना जातात. पॉलिश पेपरने घासून आणलेल्या जुनेपणाचे एकाच दिशेने. चमचे उभे ठेवायच्या ‘स्पूनर’मध्ये तर आतला तळही झिजलेला असतो. विक्रेते त्या झिजेपायी किंमत उतरवतात. मी मात्र मांडणीत चकचकीत तळाचा स्पूनर शेजारी असला तरी झिजलेलाच उचलते.